सूत्रधार आवडतो की त्याची वेळ?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री 11 वाजून 35 मिनिटांनी लागणारा गप्पांचा कार्यक्रम उन्हाळ्याच्या दिवसांत खान्देशातल्या पहूरच्या घड्याळात सकाळी 9 वाजून 5 मिनिटांवर येतो. त्या वेळी इथली दुकानं उघडत असतात, जळगाव-संभाजीनगर रस्त्यावरची वर्दळ सुरू झालेली असते आणि टेबलामागे बसून दिवसभराच्या बातम्यांची टर उडवणाऱ्या सुटाबुटातल्या माणसाची कोणालाच गरज नसते. तिकडे मात्र लाखो लोकांना तो झोपण्यापूर्वीचा सोबती वाटतो. असा सोबती का आवडतो आणि दोघांत भांडण लागलं की लोक कोणाची बाजू घेतात, यावर अमेरिकेत पुस्तकं निघाली, एका पुस्तकावर चित्रपटही झाला. त्या साऱ्या चर्चेत उत्तर बहुधा माणसांच्या स्वभावात शोधलं गेलं. हा तुसडा, तो गोड. हा हुशार, तो मनमिळाऊ. मला हे उत्तर अपुरं वाटतं. रात्रीचा सूत्रधार लोकांना आवडेल की नाही, हे आधी त्याची वेळ ठरवते आणि त्या वेळी प्रेक्षकाच्या शेजारी कोण बसलेलं असतं ते ठरवतं. स्वभावाचा नंबर त्यानंतर लागतो. या म्हणण्याला पुरावा अमेरिकेत आहे तसाच खान्देशातल्या जत्रांमध्येही आहे.

अमेरिकेतला पुरावा इतका चोख आहे की तो कोणी मुद्दाम केलेला प्रयोग वाटावा. जॉनी कार्सनने 1 ऑक्टोबर 1962 पासून 22 मे 1992 पर्यंत, म्हणजे जवळपास तीस वर्षं, एनबीसी वाहिनीवर ‘द टुनाइट शो’ चालवला. त्याच्या जागेवर दोघांचा डोळा होता. डेव्हिड लेटरमन त्याच वाहिनीवर त्यानंतरच्या वेळेत दहा वर्षं कार्यक्रम करत होता, तर जे लेनो कार्सनच्या रजेच्या काळात खुर्ची सांभाळत होता. खुर्ची लेनोला मिळाली. त्या रस्सीखेचीत वाहिनीचे अधिकारी आपल्याविषयी काय बोलतात हे ऐकायला लेनो शेजारच्या लहानशा खोलीत लपून बसला होता, ही हकिगत पुढे जगजाहीर झाली. लेटरमन चिडून सीबीएसवर गेला आणि 30 ऑगस्ट 1993 पासून बरोबर त्याच वेळेला लेनोसमोर उभा राहिला. पहिली सुमारे दोन वर्षं लेटरमन पुढे होता. 10 जुलै 1995 रोजी बदनामीत सापडलेला अभिनेता ह्यू ग्रँट लेनोकडे आला. लेनोने त्याला खवचटपणा न करता, सरळ घरगुती सुरात विचारलं की बाबा रे, हे काय करून बसलास, आणि पारडं फिरलं. तिथून पुढे आकड्यांत बहुतेक काळ लेनोच वरचढ राहिला. समीक्षकांचा लाडका मात्र लेटरमनच होता.

इथवर ही स्वभावाचीच गोष्ट वाटते. पण पुढे 2009 साली एनबीसीने लेनोला तिथून उठवलं, ‘टुनाइट शो’ कोनन ओब्रायनला दिला आणि लेनोला 14 सप्टेंबरपासून आठवड्यातून पाच दिवस रात्री 10 वाजता बसवलं. माणूस तोच, विनोदाची धाटणी तीच, पाहुणेही त्याच वर्गातले. कार्यक्रम आपटला. तोही असा आपटला की त्याच्या पाठोपाठ 11 वाजताच्या स्थानिक बातम्यांचाही प्रेक्षक घटला आणि गावोगावच्या संलग्न वाहिन्यांनी ओरड केली. दहा वाजता अमेरिकी घरात लोक अजून जागे असतात, त्यांना कथानक हवं असतं, खुनाचा तपास हवा असतो. दिवस संपल्याची खूण म्हणून ऐकायचे विनोद त्यांना दीड तास आधी नको होते. वाहिनीने मग लेनोला 11:35 ला आणून कोननला 12:05 वर ढकलायचं ठरवलं. कोननने नकार दिला. ‘टुनाइट शो’ अर्धा तास पुढे गेला तर तो ‘टुनाइट शो’ राहणार नाही, असं त्याने 12 जानेवारी 2010 च्या जाहीर पत्रात मांडलं आणि 22 जानेवारीला शेवटचा कार्यक्रम करून तो निघाला. 1 मार्चला लेनो जुन्या वेळेवर परतला आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. सहा महिन्यांच्या आत तोच माणूस एका वेळेला नकोसा आणि दुसऱ्या वेळेला हवासा ठरला. एवढ्या अवधीत कोणाचा स्वभाव बदलत नसतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. लेनो आकड्यांत जिंकला, पण लोकांच्या मनातून उतरला. कोननची नोकरी गेली आणि त्याच्यासाठी तरुण पोरं रस्त्यावर आली. वेळ तर दोघांची एकच होती, मग प्रेम एकाला आणि राग दुसऱ्याला का? याचं उत्तर खुर्चीत आहे. ही खुर्ची एकच असते आणि ती वाहिनीच्या मालकीची असते. प्रेक्षकाला मात्र ती आपण दिलेली वाटते. त्यामुळे दोन सूत्रधारांनी एकमेकांना हरवलं तर लोकांना राग येत नाही; एकाने दिलेली जागा परत घेतली असं दिसलं की येतो. जोन रिव्हर्सचं उदाहरण याहून कडू आहे. कार्सनच्या अनुपस्थितीत ठरलेली पाहुणी सूत्रधार म्हणून तिने नाव कमावलं आणि 9 ऑक्टोबर 1986 पासून फॉक्सवर स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. कार्सन पुन्हा तिच्याशी आयुष्यात बोलला नाही. ‘टुनाइट शो’चं दार तिला उघडलं ते थेट 2014 मध्ये, नवा सूत्रधार जिमी फॅलनच्या पहिल्या दिवशी. कार्सन यामुळे लोकांच्या नजरेतून उतरला का? मुळीच नाही. तो त्याच वेळेला, त्याच खुर्चीत बसलेला होता. जिने जागा सोडली तिच्याच माथी कृतघ्नपणाचा शिक्का बसला. वैर वाहिन्या पेरतात आणि दोष माणसांच्या नावावर चढतो, हे या सगळ्या प्रकरणांत सारखंच दिसतं.

आता खान्देशाकडे येऊ. इथे रात्रीचा सूत्रधार टीव्हीच्या कितीतरी आधी तमाशाच्या बोर्डावर होता. गण आणि गवळण झाली की बतावणीत सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर येतात. सरदार सरळ विचारतो, सोंगाड्या वाकडं उत्तर देतो आणि त्या वाकड्या उत्तरांतून गावच्या पुढाऱ्यापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांची हजेरी लागते. कार्सनच्या बाजूला त्याचा जोडीदार एड मॅकमहन इतकी वर्षं बसून होता तो हेच सरदाराचं काम करत. पश्चिम महाराष्ट्रात कवलापूरच्या काळू-बाळूंनी आणि दादू इंदुरीकरांनी जे नाव मिळवलं, त्याच वाटेवर खान्देशात भिका-भीमा सांगवीकरांचा फड उभा राहिला. जळगावकर म्हणवणारा आनंद लोकनाट्य मंडळाचा फडही इथलाच. दत्त जयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते तेव्हा घोड्यांच्या बाजाराइतकीच ओढ तंबूंची असते. एकाच मैदानात दोन-तीन फड उतरले की कर्णे एकमेकांवर चढतात, आणि बाहेर रेंगाळणारा गडी कोणत्या तंबूचं तिकीट काढतो यावर त्या रात्रीचा धंदा ठरतो. लेनो आणि लेटरमन यांच्यात याहून वेगळं काही चाललं नव्हतं. फक्त तिथे तिकिटाच्या जागी रिमोट होता.

वैराला इथे लाज नव्हती, उलट त्याला मान होता. शाहिरांची कलगी आणि तुरा ही दोन घराणी वैरावरच उभी आहेत. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला; ज्याची त्याची खूण ज्याच्या त्याच्या डफावर. रात्रभर सवाल-जवाब चालायचे, पुराणातली कोडी घातली जायची, प्रतिपक्षाचा जाहीर पाणउतारा व्हायचा, आणि समोरच्या श्रोत्याला जो अधिक टोचून बोलेल तोच अधिक आवडायचा. वहीगायनासारखी खान्देशची स्वतःची परंपराही डफाची आणि जागरणाचीच. आजच्या टीव्हीवर चालणार नाही अशी ती धार तिथे चालली, याचं कारण मला वेळेत दिसतं. जेवणं आटोपली, लेकरं झोपली, समोर बसलेला प्रेक्षक बहुतांशी पुरुष आणि दुसऱ्या दिवशी घरी कोणी कोणाला काही सांगणार नाही. अशा वेळेला सोंगाड्याने गोड असावं अशी अपेक्षाच नसते. त्याने चावावं, आणि सरपंचाला चावला तर उत्तमच. पेठ आणि कसबे अशा दोन ग्रामपंचायतींत वाटल्या गेलेल्या पहूरसारख्या गावाला अशा शेरेबाजीची मजा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मग ती वेळच कायद्याने कापली गेली. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक बंद केला. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा नंतर मिळाली आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट उचलून धरली. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला झोप मिळाली पाहिजे याबद्दल वाद नाही. पण तमाशाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. पहाटेपर्यंत रंगणारा वग कापला गेला, बतावणी आखडली आणि चित्रपटगीतांवरच्या नाचाने बराचसा वेळ व्यापला. फडमालक वर्षानुवर्षं वेळेची सूट मागत आले ते उगाच नाही. सोंगाड्याला प्रेक्षक ताब्यात घ्यायला तास-दीड तास लागतो. गाण्याला तीन मिनिटं पुरतात. कलावंतांच्या पुढच्या पिढीत विनोदबुद्धी आटली म्हणून हे झालं, असं म्हणणाऱ्यांनी आधी घड्याळाकडे पाहावं.

टीव्हीने या प्रदेशाला रात्रीचा सूत्रधार परत दिला, पण वेगळ्या वेळेला. दूरदर्शनचं मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. वाहिनी एकच, म्हणून वैर नाही आणि कोण अधिक आवडतो याची मोजदादही नाही. 1999 मध्ये अल्फा मराठी आणि 2000 मध्ये ईटीव्ही मराठी आल्यावर चुरस सुरू झाली. शेखर सुमनने 1997 पासून सोनीवर अमेरिकी थाटाचा ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ हिंदीत करून दाखवला होता. मराठी वाहिन्या मात्र त्या उशिराच्या वेळेकडे वळल्या नाहीत. त्यांनी रात्रीचे नऊ-साडेनऊ पकडले. कारण सरळ आहे: घरात एक टीव्ही, समोर आजी, सून, नातू, आणि खान्देशात भर म्हणजे भारनियमनाच्या वेळापत्रकातून उरलेली वीज. शिवाय पहाटे शेतावर किंवा पहिल्या एसटीला जाणारं घर साडेअकराला जागं नसतं. 18 ऑगस्ट 2014 रोजी झी मराठीवर आलेला ‘चला हवा येऊ द्या’ हा या वेळेचा खरा नमुना. निलेश साबळे त्यात टेबलामागे बसून पाहुण्यांना बोलतं करणारा यजमान होता, पण टोचणारा नव्हता. भाऊ कदम, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे धुमाकूळ घालत आणि साबळे त्यांना सावरून घेत. त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं वाचायचा आणि हसणाऱ्या घराचे डोळे पाणावायचे. साडेअकराला बेडरूममध्ये एकट्याने पाहणाऱ्याला हे पत्र खटकलं असतं. साडेनऊला आजीच्या शेजारी बसलेल्याला ते हवं होतं.

या वेळेचा आवडता माणूस नात्यातला असावा लागतो, आणि याचा कळस म्हणजे आदेश बांदेकर. 2004 पासून संध्याकाळी 6 वाजता ‘होम मिनिस्टर’मधून पैठणी घेऊन घराघरांत जाणारे बांदेकर राज्याचे भावोजी झाले. ही वेळ पुरुषांची नव्हतीच. ती स्वयंपाकाआधीची, बायकांच्या हक्काची अर्धी घटका होती. कोणी म्हणेल, हे निव्वळ त्यांच्या गोड स्वभावाचं यश, वेळेचा संबंध काय? त्याचं उत्तर 2009 च्या विधानसभा निवडणुकीत आहे. बांदेकर माहीममधून शिवसेनेचे उमेदवार होते आणि पडले. मनसेचे नितीन सरदेसाई निवडून आले. भावोजींचा स्वभाव प्रचारात काही बदलला नसणार. पण मतदानाच्या दिवशी मतदार पाहुणचाराच्या वेळेत नव्हता, पक्षाच्या हिशेबात होता. आवड त्या वेळेपुरती आणि त्या कामापुरती खरी असते. ती खिशात घालून दुसरीकडे नेता येत नाही. चित्रपटातून राजकारणात जाणाऱ्यांना हे कधीमधी जमतं, कारण तिथे आधी नायक विकलेला असतो. यजमान विकला जात नाही, तो फक्त घरात घेतला जातो.

चुरस मराठीतही आहे, पण ती यजमानांत नसून कलाकारांच्या ये-जा करण्यात दिसते, हा मोठा फरक. 2018 मध्ये सोनी मराठी वाहिनी आली आणि सचिन मोटे व सचिन गोस्वामी यांची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ जवळपास त्याच वेळेत उभी राहिली. प्राजक्ता माळी त्यात सूत्रसंचालक आहे, पण कार्यक्रमाचा भार प्रहसनांवर. 2024 मध्ये ‘हवा येऊ द्या’ थांबला. साबळे कलर्स मराठीवर नवा कार्यक्रम घेऊन गेले, त्यात भाऊ कदमही होते. 2025 मध्ये झीने ‘चला हवा येऊ द्या’ पुन्हा सुरू केला तो अभिजीत खांडकेकर यांना घेऊन, आणि हास्यजत्रेत मोठा झालेला गौरव मोरे त्यात दिसला. हे सगळं अमेरिकेत झालं असतं तर वर्षभर चघळलं गेलं असतं: खुर्ची कोणाची, साबळेंची की वाहिनीची? आपल्याकडे चर्चा झाली, पण युद्ध पेटलं नाही. एक कारण प्रेक्षकाच्या मोजणीत सापडतं. प्रेक्षकसंख्या मोजणारी जुनी व्यवस्था शहरांपुरती होती. बार्क या नव्या मोजणी यंत्रणेने खेड्यांतले आकडे द्यायला सुरुवात केली ती ऑक्टोबर 2015 मध्ये. म्हणजे पहूरसारख्या गावातल्या घरांची आवड तोवर कोणाच्या हिशेबातच नव्हती. आणि ती धरल्यावर वाहिन्यांना कळलं असावं की गावातलं घर माणसापेक्षा वेळेला बांधलेलं असतं. जेवताना जे लागतं ते पाहिलं जातं.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. 15 सप्टेंबर 2016 रोजी जिमी फॅलनने उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांचे केस विस्कटले, लाडाने. वेळ तीच, स्वभाव तोच खेळकर. तरी त्याच्यावर टीकेची झोड उठली आणि 2016-17 च्या हंगामात एकूण प्रेक्षकसंख्येत सीबीएसवरचा प्रतिस्पर्धी स्टीफन कोलबेअर पुढे गेला, जो आदल्या वर्षापर्यंत मागे होता. वेळच सगळं ठरवते तर हे कसं झालं? माझ्या मते इथेच वेळेची पकड सुटू लागली. तोवर लोक कार्यक्रमाचे तुकडे दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पाहू लागले होते, कचेरीत, बसमध्ये, सकाळी. झोपेआधीचा सोबती ही भूमिका विरघळली आणि तिच्या जागी आपल्या मताचा वकील आला. कलगी-तुऱ्याच्या श्रोत्यासारखं आधी बाजू, मग विनोद. आणि बक्षीसच वितळू लागल्यावर वैरही वितळलं. 2023 च्या लेखकांच्या संपात कोलबेअर, फॅलन, किमेल, मायर्स आणि ऑलिव्हर या पाच स्पर्धकांनी मिळून पॉडकास्ट केला आणि त्याची कमाई आपापल्या बेकार कर्मचाऱ्यांना दिली. जुलै 2025 मध्ये सीबीएसने कोलबेअरचा कार्यक्रम मे 2026 मध्ये बंद करण्याचं जाहीर केलं तेव्हा त्याच्या बाजूने सगळ्यात आधी बोलणाऱ्यांत त्याचे प्रतिस्पर्धीच होते. सप्टेंबरमध्ये किमेलचा कार्यक्रम काही दिवस बंद ठेवला गेला तेव्हाही तसंच. लेनो आणि लेटरमन यांना हे सौजन्य सुचलं नाही, कारण त्यांच्या काळी खुर्चीची किंमत होती. हे पाच जण जात्याच अधिक भले आहेत असं समजायचं कारण नाही.

वेळ उरली नाही तर काय आवडतं, याची एक झलक खान्देशाच्या नावानेच मिळते. मालेगावच्या शफीक नाट्यांचा ‘छोटू दादा’ यूट्यूबवर ‘खान्देश कॉमेडी’ म्हणून चालतो आणि त्याच्या ट्रॅक्टरवाल्या व्हिडिओने अब्जावर वेळा पाहिलं जाण्याचा टप्पा ओलांडला. त्याला ना साडेनऊ ना साडेअकरा, ना समोरासमोरचा प्रतिस्पर्धी, आणि यजमान तर नाहीच. गप्पांचा यजमान मात्र पॉडकास्टमध्ये पुन्हा उगवला आहे: ‘मित्रम्हणे’, ‘व्हायफळ’, ‘अमुक तमुक’. दीड-दोन तासांच्या गप्पा, कानात इयरफोन, शेजारी आजी नाही. माझ्या तर्कानुसार इथे सोंगाड्याची धार परत यायला हवी होती. ती आलेली नाही. मराठी पॉडकास्टचा यजमान साबळेंपेक्षाही मऊ बोलतो. कारण बहुधा असं की वाहिनीला पाहुणा आणून देणारी यंत्रणा असते, पॉडकास्टवाल्याला पुढचा पाहुणा आधीच्या पाहुण्याच्या खुशीतूनच मिळतो. तेच नट, तेच दिग्दर्शक, तेच लेखक या घरातून त्या घरात फिरत असतात. ऐकणारा एकटा असला तरी समोर बसलेल्याला दुखवून चालत नाही. त्यामुळे कोणाला आवडायचं याचा हिशेब आता प्रेक्षकापेक्षा पाहुण्याशी अधिक जुळतो, आणि याचा माझ्या म्हणण्याशी नीट मेळ बसत नाही हेही नोंदवलं पाहिजे.